शिळ्या पाण्याचे शास्त्र

जळगाव शहराचा भाग असलेल्या आणि आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे खानदेशात ओळखल्या जाणाऱ्या पिंप्राळ्यातील घरगुती काटकसरीचा अभ्यास करणाऱ्यास एक गोष्ट आरंभीच मान्य करावी लागते, ती ही की बचतीविषयीचे अज्ञान येथे मुळीच नाही. खोलीतून बाहेर पडताना पंख्याचे बटण बंद करावे हे पाच वर्षांचे पोरही जाणते, कारण ते न केल्यास आजोबा काय म्हणतील आणि त्यात किती पिढ्यांचा उद्धार होईल, हे त्यास तोंडपाठ असते. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते आणि महिन्याची पहिली 100 युनिटे ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो, एवढे अर्थशास्त्र तर ज्या गृहिणीने वॅट हा शब्द कधी उच्चारला नाही तिलाही बिल पाहून अवगत झालेले असते.

तथापि ही काटकसर मीटरपाशी येऊन थांबते. पाणी मोजले जात नाही आणि वर्षाची पाणीपट्टी एकरकमी भरायची असते, अशा ठिकाणी पंख्यावर पहारा देणारे तेच आजोबा नळ आल्याबरोबर धोतराचा सोगा खोचून, हाती पाइप धरून, ओटा, ओट्याच्या पायऱ्या, पायऱ्यांपुढील रस्ता आणि रस्त्यापलीकडचा विजेचा खांब अशा क्रमाने धुऊन काढतात. नळ रोज येत नसल्याने हा सोहळा एक वा अधिक दिवसांआड होतो आणि मधल्या दिवसांची कसर त्यात भरून काढली जाते.

या सोहळ्याचा गाभा म्हणजे शिळ्या पाण्याचा सिद्धान्त होय. नवे पाणी आले की मागील वेळी भरून ठेवलेले पाणी शिळे झाले असे समजून ते ओतून द्यावे, असे हा सिद्धान्त सांगतो. त्याची चिकित्सा केल्यास असे दिसते की शहराला पाणी पुरवणारी वाघूर ही तापीची उपनदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, तिथल्या लेण्यांना वळसा घालून खाली उतरते आणि धरणात अडते. मे महिन्यात पिंप्राळ्याच्या नळाला जे ‘ताजे’ पाणी येते ते मागील पावसाळ्यापासून, म्हणजे निदान सात-आठ महिने, त्या धरणात पडून असते. धरणात सात-आठ महिने ताजे राहिलेले पाणी घरच्या पिंपात दोन दिवसांत शिळे कसे होते, याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. ते शेजारणीच्या नजरेत असावे. 200 लिटरचे एक पिंप गटारात गेले म्हणजे, नागरी पाणीपुरवठ्याचा दरडोई 135 लिटरांचा केंद्रीय निकष धरल्यास, दीड माणसाचा दिवसभराचा वाटा गेला. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच, परंतु त्यातले पाणी फरशी पुसण्यास, तुळशीला वा शौचालयात वापरता येते, हे सुचवणाऱ्या सुनेकडे ज्या दृष्टीने पाहिले जाते तिचे वर्णन येथे टाळलेले बरे.

याच घरातील कूलरची टाकी मात्र या सिद्धान्ताला अपवाद असते, हे विशेष. ज्याच्या अंगावरील जाळ्यांतून पाणी झिरपत राहते आणि पंखा त्यातून हवा ओढतो, ते हे यंत्र माठाच्याच तत्त्वावर चालते: पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि एक लिटर पाणी सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. पारा 45 अंशांकडे झेपावत असताना, दीड टनाचे वातानुकूलन यंत्र जेथे ताशी दीड युनिटाच्या आसपास वीज मागते, तेथे कूलर 200 वॅटच्या आतबाहेर भागवतो; फरक पाण्याने भरून निघतो. म्हणजे खानदेशी उन्हाळ्यात वीज वाचवणे हे पुष्कळदा पाणी खर्च करण्याचेच दुसरे नाव ठरते, आणि बचतीच्या पुस्तिकांत ही दोन्ही पाने शेजारी असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. असो. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडू लागते, म्हणून आठवड्यातून एकदा बदलायलाच हवे असे घरातील पाणी कोणते, तर ते कूलरचे. आणि अक्षय्य तृतीयेला भरलेले जे पाणी मृगापर्यंत वरून भर घालत अखंड जपले जाते, तेही हेच.

याहून मौजेची बाब अशी की, मुळाशी थेंब थेंब पाणी देणाऱ्या ठिबक सिंचनाच्या नळ्या ज्या शहरातून देशोदेशी जातात, तेच हे शहर. भवरलाल जैन यांनी उभ्या केलेल्या उद्योगामुळे केळीच्या झाडाला किती पाणी लागते हे जळगावकरास लिटरात सांगता येते. दारातली दुचाकी धुवायला किती लागते ते मात्र अद्याप कोणी मोजलेले नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी तर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावकऱ्यांनीच ठरवलेल्या पाळीने शेतांच्या गटांना वाटून देण्याची व्यवस्था, शतकानुशतके चालत आली आणि तिथे पाटकरी पाळीचा काटेकोर हिशेब ठेवीत असे. ओट्यावर पाटकरी नेमण्याची सूचना अद्याप कोणी केलेली नाही.

शेवटचा प्रश्न गच्चीवरील टाकीचा. मोटारीने वर चढवलेले पाणी टाकी भरल्यावर वाहू लागते तेव्हा पाणी आणि वीज दोन्ही एकाच धारेने जातात. ते टाळण्यासाठी तरंगत्या गोळ्याची झडप, जी पातळी वाढताच पाणी अडवते, बाजारात स्वस्तात मिळते. पण मोटारीने भरायच्या टाकीस ती पुरत नाही, मोटार बंद करावीच लागते. त्यावर उपाय म्हणून टाकी भरली की बोलणारा गजर निघाला. गल्लीत तो घरोघरी बसला, सर्वांचा आवाज एकच, त्यामुळे ‘मोटार बंद करा’ अशी विनवणी कानी पडताच प्रत्येक घरातील मंडळी ती शेजाऱ्याच्या टाकीची समजून त्याच्या निष्काळजीपणाबद्दल हळहळतात, आणि आजोबा तेवढ्यात उठून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून येतात.