पाया किती?

आमचे सासरे नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली. तरी अजून कुठल्याही भिंतीजवळून जाताना तिला बोटाच्या पेरानं ठोकून पाहतात. अशा माणसाला सॉल्झबरीचं कॅथीड्रल दाखवणं म्हणजे सुगरण सासूला हॉटेलातली पुरणपोळी वाढणं, हे लंडनहून गाडी सुटेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

गावात शिरल्यावर घरांच्या डोक्यावरून ते टोकदार शिखर दिसू लागलं. उंची १२३ मीटर. ब्रिटनमधल्या कुठल्याच चर्चचं शिखर याहून उंच नाही. २०१८ साली याच गावातल्या विषप्रयोगाचा आळ आलेल्या दोन रशियन गृहस्थांनी टीव्हीवर सांगितलं होतं की, आम्ही तर हे १२३ मीटरचं शिखर बघायला गेलो होतो! नानांनी उंची विचारलीच नाही.

"पाया किती?"

गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका आजीबाईंना मी विचारलं. त्या कौतुकानं म्हणाल्या, "चार फूट."

"जावईबापू, नीट विचारा. चाळीस म्हणाली असेल."

बाईंनी चार बोटं दाखवली. बरोबर शिखराखाली उभे असलेले नाना हळूहळू मागं सरकू लागले.

खाली वाळूगोट्यांचा थर आहे, त्यात पाणी आहे आणि त्यावर हे सगळं उभं आहे. बाईंनी फरशीतलं एक झाकण उचलून पाण्याची पातळी बघायची काठी आत सोडली. मोटारीतलं ऑइल बघतात ना, अगदी तशी. नानांनी ती ओली काठी डॉक्टरनं एक्स-रे धरावा तशी उजेडात धरली.

"मूळ काम १२२० ते १२५८," मी माहितीपत्रकातून वाचू लागलो, "उंच मनोरा आणि शिखर नंतर चढवलं. वजन साधारण साडेसहा हजार टन."

"म्हणजे वाढीव बांधकाम! परवानगी कुणाची?"

"बिशपचीच असणार."

"हं. तरीच."

खांब वाकलेत, हे नानांनी कुणी सांगायच्या आधीच पाहिलं होतं. एक डोळा मिटून त्यांनी काल्पनिक ओळंबा सोडला. १६६८ साली वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेननं मोजलं तेव्हा शिखर सुमारे अडीच फूट कललेलं निघालं होतं. हे ऐकून नानांचा पहिला प्रश्न: "मग ठेकेदाराचं बिल अडवलं का नाही?"

१३८६च्या सुमाराचं घड्याळ पाहिलं. त्याला तबकडीच नाही, ते नुसते ठोके द्यायचं. नाना तिथं अर्धा मिनिटही थांबले नाहीत. चॅप्टर हाऊसमध्ये मात्र रमले. तिथं १२१५चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजानं दिलेली सनद आहे, उरलेल्या चार प्रतींपैकी एक. चामड्यावर मुंगीच्या पायांएवढं लॅटिन.

"अटी नेहमी अशाच बारीक अक्षरात असतात," नाना म्हणाले. राज्यभर धान्याचं, दारूचं माप एकच असावं, असं एक कलम त्यात आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली. "राजाला काही तरी कळत होतं." राजाकडून ते जबरदस्तीनं कबूल करून घेतलं होतं, हे मी सांगितलं नाही.

बाहेर पडताना मध्यभागी एक मोठा काळा चकचकीत ओटा लागला. वरच्या कमानी त्यात लख्ख उलट्या दिसत होत्या. दमलेल्या नानांनी थालीपिठांची पिशवी त्यावर ठेवली.

डुबुक!

तो ओटा नव्हता. शिल्पकार विल्यम पायनं २००८ साली केलेलं ते बाप्तिस्म्याचं कुंड होतं, अगदी काठोकाठ भरलेलं. मी शरमेनं कुठं बघू ते कळेना. आजीबाई शांतपणे कागदी रुमाल घेऊन आल्या. इथं लोक फोनसुद्धा ठेवतात, म्हणाल्या.

"नाना, थालीपिठं भिजली!"

नाना ऐकतच नव्हते. गुडघ्यांवर हात टेकून, डोळा पाण्याच्या बरोबरीला आणून ते कुंडाभोवती फिरत होते. चारही कोपऱ्यांतून पाण्याची धार सारखीच पडत होती.

"जावईबापू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "लेव्हल बघा लेव्हल!"