गमनांतरमीमांसा : पोलादपूर–दुबई प्रकरण

दोन विमानतळांमधील अंतर हा विषय भूगोलाने कायमचा निकालात काढला आहे, असा समज विद्वज्जनांत रूढ आहे. मुंबई–दुबई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, उड्डाणकाल तीन-सव्वातीन तास, विषय संपला. परंतु महाड-पोलादपुरातून आखाती नोकरीस जाणाऱ्या मनुष्याचे प्रस्थान धावपट्टीवरून नव्हे, घराच्या ओटीवरून होते, याची दखल पूर्वाचार्यांनी घेतलेली नाही. ती उणीव प्रस्तुत प्रबंध दूर करतो.

व्याख्या : ओटी ते परदेशस्थ खोली यांमधील समग्र कालावकाशास ‘गमनांतर’ म्हणावे. ते त्रिविध होय.

(१) खगांतर. पक्षिमार्गाने मोजलेले अंतर. पोलादपूर–महाबळेश्वर खगांतर वीस-बावीस किलोमीटर. आंबेनळी घाटाने तेच चाळिसाच्या घरात जाते. पक्ष्याला वळणे नाहीत आणि गाडीही लागत नाही. खगांतराविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

(२) भूम्यंतर. पोलादपूर ते मुंबई विमानतळ हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे पुढील उड्डाणाच्या केवळ दशमांश. काल मात्र चार-पाच तास, म्हणजे उड्डाणाहून अधिक. या वैषम्याचे मूळ ‘माणगावस्तंभ’ नामक विकारात आहे. माणगावच्या बाजारपेठेत किलोमीटर निश्चल राहतात व काल वाहतो. याविषयी दोन संप्रदाय आहेत. महाडचे प्रस्थानवादी प्रवासाचा आरंभ एस.टी. स्टँडपासून मानतात. पोलादपूरचे उत्तरवादी मात्र माणगाव मागे पडेपर्यंत प्रवास सुरूच झाला नाही असे प्रतिपादन करतात, व महाड हे घरातच गणतात. दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे असते; हा दीड तास म्हणजे माणगावात गेलेल्या कालाची अंशतः परतफेड होय, हे उत्तरवाद्यांचे मत ग्राह्य वाटते. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाल्याने भूम्यंतराचे अंतिम पर्व संक्षिप्त होण्याची शक्यता निर्माण झाली. माणगाव मात्र त्याच्याही अलीकडेच आहे.

(३) निरोपांतर. पहिल्या ‘निघतो’पासून गाडीचे दार लागेपर्यंतचा काल. तिन्हींत हे अभ्यासकांकडून सर्वाधिक उपेक्षित. बॅग ताणकाट्याला लटकवली जाते. काटा तिसाच्या पुढे सरकतो. वडील सुकटीची पिशवी बाहेर काढतात. आई कुळथाच्या पिठाखाली ती पुन्हा ठेवते. वजन पूर्ववत होते. या क्रियेस ‘सुकटावर्तन’ अशी संज्ञा द्यावी. आवर्तने तीन झाल्यावर शेजारच्या काकू दुबईतील पुतण्यासाठी आमसुले आणतात, आणि गणना प्रथमपासून करावी लागते. हातावर दही पडल्यानंतरही चहाचा निषेध शास्त्रसंमत नाही.

सिद्धांत : यानाचा वेग वाढल्याने काल घटत नाही, तो ओटीवर येऊन साचतो. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उच्चस्तरीय वाऱ्यांमुळे दुबईहून परतीचे उड्डाण बहुधा थोडे आधी पोचते. निरोपांतर तर तिकडून निघताना शून्य असते, यावर दोन्ही संप्रदायांचे एकमत आहे.

व्यवहारार्थ निर्णय असा : रात्री दहाच्या विमानासाठी पोलादपूरकराने दुपारी बाराला निघावे, म्हणजे सकाळी नऊला ‘निघतो’ म्हणावे. गौरी-गणपती विसर्जनानंतर चाकरमानी मुंबईस परततात. त्या दिवसांत आदल्या रात्रीच निघावे.