बसल्या जागी प्रवास

प्रवासवर्णनाचा शिरस्ता असा, की गाव जागेवर बसते आणि दमतो तो प्रवासी. भैंसा गावाने हा शिरस्ता उलटा फिरवला. पाहुणा कल्याणकडून येणाऱ्या ६१ क्रमांकाच्या महामार्गाने नांदेड, भोकर करत आरामात पोचतो. पायपीट झाली ती गावाची. १९५६ पर्यंत भैंसा हैदराबाद राज्यातल्या नांदेड जिल्ह्यात, मुधोळ तालुक्यात होते. राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड मुंबई राज्याला दिले, पण मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळे कंसात टाकून वगळली. उलट आदिलाबादचे किनवट आणि राजुरा मुंबईकडे गेले. सोयरिकीतले साटेलोटेच म्हणा. कंसातले भैंसा आदिलाबादच्या बिऱ्हाडी आंध्र प्रदेशात, २०१४ साली तेलंगणात आणि २०१६ साली निर्मल जिल्ह्यात पोचले. तीन राज्ये, तीन जिल्हे, आणि सगळे बिनतिकीट! पत्त्यात अजून ‘जि. आदिलाबाद’ लिहिणारे एक स्टेशन मागे राहिलेत, एवढेच.

कोणी म्हणेल, हलला तो कागद. सुद्धवागू पूर्वीसारखाच गोदावरीकडे वाहतो, काळ्या रानात कापूसच पिकतो. खरे आहे, पण कागदाला हलके समजणाऱ्याने जमिनीची वाटणी केलेली नसावी. त्याच काळ्या मातीचा भोकरकडे सातबारा निघतो आणि इकडे पट्टादार पासबुक. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातली खेडी १८७१ साली जर्मनीत गेली, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आली, १९४० साली पुन्हा जर्मनीकडे आणि महायुद्ध संपता संपता परत फ्रान्सकडे. तिथल्या एखाद्या आजीने परसदार न ओलांडता चार वेळा देश बदलला. त्यापुढे भैंशाचे काय कौतुक? मान्य, इथे ना रणगाडे आले ना पारपत्रे लागली. पण कचेरीची भाषा इथेही बदलली: निजामाच्या काळी उर्दू, नंतर तेलुगू. मराठीला खुर्ची कधी मिळाली नाही. ओसरी मात्र तिने सोडलेली नाही. भाषावार रेघ ओढणाऱ्याची पट्टी अशा गावात डगमगणारच, कारण इथे भाव तेलुगूत विचारून घासाघीस उर्दूत करावी आणि उधारी मराठीत मागावी.

भैंसा म्हणजे हिंदी-उर्दूत रेडा. त्याला मराठीत रेडा म्हणतात, तेलुगूत दुन्नपोतू. गावाचे नाव या दोन्हींत बसत नाही, तरी तिन्ही राज्यांनी ते तसेच ठेवले. रस्त्यात बसलेल्या रेड्याला कोणी उठवत नाही. गाड्याच वळसा घालून जातात.