टाकी भरली हे पंपाला कसं कळवावं

जव्हारच्या आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेल्या आणि बायोडेट्यात 'पीएलसी' आधीच लिहून बसलेल्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

समजा, साखरशेतसारख्या गावाची नळयोजना तुमच्या गळ्यात पडली. विहीर ओहोळाकाठी, टाकी टेकडीवर. (मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईकडे उतारानेच जातं. पंप लागतो तो आसपासच्या पाड्यांना.) खाली एक पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, वर एक. वरच्याने पातळी सांगायची, खालच्याने पंप चालू-बंद करायचा. आधी हे मिस्ड कॉलवर चालायचं. एक रिंग म्हणजे टाकी भरली, बंद कर. या पद्धतीला हसू नका. कॉल आला नाही तर खालचा माणूस शिव्या घालत टेकडी चढून बघून यायचा. पीएलसी चढत नाही.

सुरुवात माहितीपुस्तिका न वाचता करावी, तसा प्रघातच आहे. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असणारच, तेव्हा मॉडबस घ्या. मॉडिकॉनने १९७९ साली काढलेली ही भाषा आता म्हातारी झाली, पण सगळ्यांना येते. मास्टर विचारतो, स्लेव्ह उत्तर देतो. न विचारता स्लेव्ह तोंड उघडत नाही. वेग दोन्हीकडे ९६००, पॅरिटीही एकच ठेवा. जुळलं नाही तर स्लेव्ह 'समजलं नाही' असंही म्हणत नाही, नुसता गप्प बसतो. मग ए आणि बी तारा उलटून बघा. एका कंपनीची ए ती दुसरीची बी असते, आणि दोघीही आपलंच खरं करतात. या ए-बी तारांची, म्हणजे आरएस-४८५ ची, केबल १२०० मीटरपुढे ओढू नका. टाकी त्याहून लांब असेल तर रेडिओ मोडेम बसवा, मात्र अँटेना बांबूला बांधायचा विचार जव्हारचा एक पावसाळा पाहून मग करा.

आता रजिस्टर, म्हणजे पीएलसीतला आकडा ठेवायचा कप्पा. कागदावर ४०००१ लिहिलेलं असतं, तारेवरून जातो शून्य. एक कुणी वजा करायचा हे ठरलं नाही तर शेजारचंच रजिस्टर वाचलं जातं. पातळीच्या जागी विजेचा दाब येतो, आणि टाकीत बारमाही २३० सेंटिमीटर पाणी बघून सरपंच खूश होतात.

पातळी दशांशात पाठवायची हौस आवरा. २.७५ मीटर हा आकडा दोन रजिस्टरांत मावतो आणि त्यांचा क्रम उलटला की पडद्यावर ०.०० दिसतं. टाकी रिकामी समजून पंप सुरूच राहतो आणि पाणी टेकडीवरून थेट खालच्या घरांत शिरतं. सेंटिमीटरमध्ये २७५ पाठवा, एकाच रजिस्टरात काम होतं.

खरी मेख पुढे आहे. तार तुटली तरी खालच्या पीएलसीला शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. टाकी १५० वर अडली, की पंपाच्या लेखी ती कधीच भरत नाही. म्हणून वरच्या पीएलसीत दर सेकंदाला एकने वाढणारा आकडा ठेवा. तो ३० सेकंद हलला नाही, तर पंप बंद. ठेकेदार हे नेमकं टाळतात, कारण ते दिसत नाही आणि त्याचं बिल लागत नाही. तुम्ही उद्घाटनाच्या आदल्या दिवशी केबल उपटून बघा. पंप थांबला तरच नारळ आणायला माणूस पाठवा.

उद्घाटनाला मात्र जनरेटर ठेवा. पाहुणे येतील तेव्हा लाइट असेल याची हमी मॉडबस देत नाही.