आवाज मागं, गाडी पुढं

बीडमध्ये माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. जालना रोडवरून बुलेट निघाली की चहाच्या टपरीवर पाठमोरे बसलेले जाणकार मान न वळवता सांगतात, "ही इंदुरी. ही पंजाबी. अन् आता जो बार उडाला ना, तो बार्शी नाक्यावरचा." इंदुरी, पंजाबी, डॉल्फिन ही सायलेन्सरची घराणी आहेत. त्यांचं गायन रात्री अकरानंतर रंगतं.

बार उडवायची रीत सोपी आहे. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करायची, मूठ मात्र पिळलेलीच ठेवायची. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरात जाऊन बसतं. चावी फिरवली की ठो! शंभरी ओलांडलेलं पेट्रोल एक इंचही पुढं न जाता जाळून दाखवायचं, ही श्रीमंती आमच्या दुष्काळी जिल्ह्यालाच शोभते.

माझा भाचा याच घराण्यात तयार झाला. त्याच्या बुलेटला नवी नळी बसवायची म्हणून एकदा मलाही गॅरेजात नेलं. उस्तादनी ग्राइंडरनं एक जुना सायलेन्सर उभा कापून ठेवला होता. आत तीन कप्पे, मध्ये भोकाभोकांचे पत्रे, काजळीनं माखलेल्या लहान नळ्या. धूर एका नळीतून पुढं जातो, आपटून मागं येतो, दुसऱ्या नळीत शिरतो आणि दम निघाल्यावरच बाहेर पडतो. पेट्रोल जळून पिस्टन खाली ढकलला जातो, पण तो तळाला पोचायच्या आधीच धुराचा व्हॉल्व्ह उघडतो. त्या वेळी आतल्या वायूत भरपूर दाब शिल्लक असतो. तो एकदम सुटतो, तोच आवाज. जुन्या 346 सीसीच्या बुलेटला सिलिंडर एकच, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांमागं असा धक्का एकदाच. म्हणून ती इतकी मोजून-मापून डुगडुगते.

"मामा, कंपनीनं गाडीचा गळा आवळलाय," भाचा म्हणाला. "ही नळी बसवली की गाडी मोकळी होती. ह्याला फ्री फ्लो म्हणतेत."

मी उस्तादकडं पाहिलं. त्यांनी हात पुसत हिशेब मिटवला, "मामू, मैं आवाज के पैसे लेतूं. पावर तो कंपनी काइच है."

उस्तादचं शास्त्र पक्कं होतं. धुराबरोबर दाबाची एक लाट नळीच्या टोकापर्यंत जाते आणि ओढ होऊन परत फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह जराजरा उघडे असताना ती नेमकी पोचली, तर उरलेला धूर ओढून काढते आणि ताजा माल आत घेते. ही वेळ कोणत्या आरपीएमला जुळायची, ते नळीच्या लांबी-रुंदीवर ठरतं. नळी रुंद केली की वरच्या आरपीएमला दोन-एक घोडे वाढतीलही, पण खालच्या आरपीएमला धूर मंदावतो आणि गाडीची ओढ कमी होते. आता ते वाढीव घोडे सुभाष रोडवर सोडायचे कुठं? एका बाजूला हातगाडे, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी वरात. बीडात गाडी जिथं चालते तिथंच ओढ कमी करून घ्यायची, आणि वर पैसेही मोजायचे.

पुढं बुलेट गेली आणि पुण्याहून सेकंडहँड पोलो आली. टर्बो पेट्रोल, 105 घोड्यांची. मागचा डबा काढून तिथं मनगटाएवढी चकचकीत नळी लागली. "थ्रॉटल रिस्पॉन्स बघा मामा, पाय ठेवला की उठायली!" असल्या गाडीत पायाखालच्या पेडलला वायर नसते. पेडल संगणकाला कळवतं, संगणक मोटारीला हुकूम देतो आणि मोटार हवेची झडप उघडते. या पत्रव्यवहारात मागच्या नळीला कोणी विचारत नाही. टर्बो धुराच्याच जोरावर फिरतो, त्यामुळं त्याच्या लगेच पुढची वाट मोकळी केली तर तो लवकर जागा होतो, हे खरं. पण तिथंच धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आत प्लॅटिनम, पॅलेडियम असले सराफाकडचे धातू. तो काढला की ऑक्सिजन सेन्सर चुगली करतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि पीयूसीवाला ओळख दाखवेनासा होतो. भाच्यानं तिथं हात लावला नव्हता. म्हणजे बदललं होतं ते फक्त कानात. कान म्हणे, गाडी पळाली. पायाला ते खरं वाटे.

कायद्याच्या कानांना मात्र ते खपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली आवाजाची मर्यादा मोडली तर 2019 च्या दुरुस्तीपासून दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, एवढ्यात आमच्या गल्लीत नुसतं भांडणही बसत नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी जप्त सायलेन्सर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवलाय. त्या वेळी एकही सायलेन्सर चकार शब्द काढत नाही.

दिवाळी झाल्यावर आम्ही तेलगावच्या बाजूनं धारूरला पाहुण्यांकडं निघालो. सपाटीवर नळीची घरघर काचा बंद करूनही आत भरली. मागं बसलेली आई म्हणाली, "लेका, कानात गिरणी चालू हाय. दळण झालं का बघ."

धारूरचा घाट अरुंद. पुढं ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. त्यात बाजरीची पोती, चुली, कोंबड्या, दोन शेळ्या आणि पांघरुणात गुंडाळलेली पोरं. सहा महिन्यांचा संसार ओढत तो पहिल्या गिअरात निवांत चढत होता. त्याची कंपनीची नळी आभाळाकडं तोंड करून उभी, तिच्यावरची पत्र्याची टोपी टकटक उडत होती. भाच्यानं मागून गाडी रेस केली. परत केली. दरीतली वानरं झाडावर चढली, मागचा दुधाचा टेम्पो थबकला, शेळ्यांनी आमच्याकडं बघितलं. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही. त्याच्या डेकवर गाणं लागलेलं, आणि आमच्या नळीचं तोंड मागं. आपण ज्यांना आधीच मागं टाकलं त्यांनाच ती गर्जना ऐकू जाते. ज्यानं बाजूला व्हायचं, तो पुढं असतो.

"आरं, हॉर्न दे की," आई म्हणाली.

भाच्यानं नाइलाजानं कंपनीचा हॉर्न दाबला. पीं! ट्रॅक्टरवाल्यानं लगेच हात दाखवून वाट दिली.