कूलरसमोरचा सर्व्हर

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपुढे सरकला की कूलरसमोर कोणी बसायचं यावरून घरोघरी भांडणं होतात. होमलॅबवाल्या भाऊच्या घरी हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला. कूलरसमोर सर्व्हर बसतो.

सर्व्हर म्हणजे कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेला डेस्कटॉप. गोलाणी मार्केट पालथं घालून भाऊने त्यात रॅम कोंबली आणि त्या एका डब्यात तो सात व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवतो. "सात कशाला रे?" वडिलांनी विचारलं.

"एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून."

"आणि प्लग किती?"

प्लग एकच.

असे व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवायची धुळाक्षरं भाऊने व्हर्च्युअलबॉक्सवर गिरवली, पण जीव जडला व्हीएमवेअरच्या फुकट मिळणाऱ्या ईएसएक्सआयवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फुकटचं बंद केलं, आणि या घरात जवळजवळ सुतक पाळलं गेलं. २०२५ मध्ये ते परत आलं खरं. पण तोवर भाऊने व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सशी पाट लावला होता.

जाहिराती अडवायला त्याने पाय-होल बसवलं. तेव्हापासून घरातला प्रत्येक फोन कुठलीही साइट उघडण्याआधी तिचा पत्ता पाय-होललाच विचारतो. लाइट गेली की इन्व्हर्टर पंखा आणि राउटर सांभाळतो, सर्व्हर मात्र आडवा होतो. राउटरचे दिवे हिरवेगार, नेट ठप्प. भरताची वांगी भाजता भाजता आई ओरडते, "ते पायहोल काढ आधी! मावशीला व्हिडिओ कॉल लागत नाहीये!" घरात एकच गिऱ्हाईक आणि तेही कायम नाराज, तरी भाऊची सेवा अखंड चालू. (अखंड म्हणजे लाइट असेपर्यंत.)

मामांच्या केळीच्या बागेसाठी त्याने वेबसाइटही बनवली. तीन पानांची साइट. तिच्या नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात हजारो फायली. लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच डब्यात, ती झकास पळते, पण जगाला दिसत नाही. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाला भाऊचं दार सापडणार कसं? मामा आजही केळीचा भाव व्यापाऱ्याला फोनवरच विचारतात.

धुळ्याला त्याचा एक जोडीदार आहे, त्याच जातकुळीचा. दोघांनी वायरगार्डच्या खासगी बोगद्याने आपापली घरं जोडली आहेत. एसटीला एरंडोल, पारोळा करत धुळं गाठायला दोनेक तास लागतात. यांचं पॅकेट पापणी लवायच्या आत पोचतं, पारोळ्याला चहालाही थांबत नाही. रोज रात्री जळगावचे फोटो धुळ्याला आणि धुळ्याचे जळगावला बॅकअप होतात, सकाळी 'झालं भाऊ' असे मेसेज जातात.

तो बॅकअप परत उतरवून मात्र दोघांपैकी कोणीही अजून पाहिलेला नाही.