आधी सावल्या बंद करा

परभणी-जिंतूर रस्त्यावर बोरी लागतं. तिथं चार पोरं 'पबजी'सारख्या खेळासाठी मोबाइल काढून ओट्यावर टेकली की पहिला हुकूम सुटतो: 'ग्राफिक्स स्मूथला टाक!' म्हणजे सावल्या बंद, बारीकसारीक तपशील बंद, फ्रेम रेट झेपेल तेवढा वर.

कशासाठी? सावलीत शत्रू लपतो म्हणून.

कलाकारांनी वर्षं खर्चून उभं केलेलं जग खेळणारा पहिल्या मिनिटात पुसून टाकतो. दोष पोरांचा? मुळीच नाही. ज्या वातावरणाचा खेळायला उपयोग नाही आणि अडचण मात्र पुरेपूर, ते कोण ठेवेल? सजावट होती, काढून टाकली.

'पबजी' गाजला तो गोळीबारामुळे, असं सगळे धरून चालतात. एकदा घड्याळ लावून बघा. त्यातला एरांगेल हा नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा. १०० जण उतरतात. डाव अर्ध्या तासाच्या आसपास. त्यात प्रत्यक्ष गोळ्या किती मिनिटं चालतात? बाकी सगळा वेळ रिकामी घरं, उघडी दारं, लूट आणि पळापळ.

आणि कान.

'स्टेप्स येतायत!' एवढं कुणी म्हटलं की ओट्यावरची बडबड बंद. खेळातला सगळ्यात मोठा क्षण तोच. बंदूक नंतर वाजते, आणि बहुतेक वेळा दोन सेकंदांत प्रकरण मिटतं.

दारामागं दबा धरून बसणाऱ्याला पोरं 'कॅम्पर' म्हणून हिणवतात. मला विचाराल तर अख्खा खेळ तोच खेळतो. घर, जिना, खिडकी, पावलं, सगळं त्याच्याच कामाचं. धावत घुसून 'रश' करणाऱ्याला भिंतींचा रंग तरी सांगता येईल का?

शिवाय झोन, म्हणजे खेळायच्या सुरक्षित जागेचं वर्तुळ, आहेच. तो आत सरकत राहतो, कुणाला कायमचं बसू देत नाही. आधी शांतता देतो, मग हिसकावून घेतो. धुमश्चक्री आणि वातावरण यांचा तोल एका सरकत्या वर्तुळात साधलाय. याहून सोपी युक्ती दाखवा!

पण बाजाराला दम कुठला? 'फ्री फायर'नं ५० जण घेतले आणि डाव दहाएक मिनिटांवर आणला. घाई वाढली, भीती गेली.

सरकारनं २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. चीनवर बोलून झालं, व्यसनावर झालं, हिंसेवर झालं. खेळ म्हणून तो कसा बांधलाय, यावर किती जण बोलले? सिनेमाची पटकथा तपासणारे आपण, खेळाची फक्त वेळ तपासतो.

'यंत्राचीच ताकद कमी, वातावरण कुठून आणायचं?' ही सबब जुनी आहे, आणि खोटी. १९९९ चा 'सायलेंट हिल' हा खेळ पाहा. पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं शहर दाखवणं झेपेना, म्हणून बनवणाऱ्यांनी सगळीकडं धुकं सोडलं. नायकाच्या खिशातला रेडिओ खरखरला की समजायचं, जवळ काहीतरी आहे. दिसत मात्र काही नाही. यंत्राची अडचण झाकायला आणलेलं धुकंच लोकांच्या लक्षात राहिलं.

आता आपल्याकडं या. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी: अॅन एन्शंट एपिक' आणला. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवर देवांच्या कथा, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही मिळालं. अभिमान वाटावा असंच काम. नायिका राजी खांबाला गिरकी घेऊन वार करते तेव्हा महाल आणि लढाई एक होतात.

हे अख्ख्या खेळभर का नाही? बऱ्याचदा राक्षस एका चौकात मारायचे आणि महाल पुढच्या सज्जात बघायचा. देखणेपण एकीकडं, धडपड दुसरीकडं. एवढी सुंदर वास्तू बांधल्यावर तिला लढाईत उतरवायला कसला संकोच?

आणि महाल राजस्थानचेच का? बोरीच्याच जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी देवळं आणि बारव आहे. शेजारच्या सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव आहे, गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. परभणी जिल्ह्याबाहेर किती जणांना ती ठाऊक आहे?

अशा बारवेत लढाई लावून बघा. पायरी वळते, त्यामुळं पुढचं पुरतं दिसत नाही. आपल्या पावलांचा आवाज कुठला आणि दुसऱ्याच्या कुठला, कळत नाही. पळायला वाट एकच, आणि तीही चढाची. इथं सावल्या बंद करणारा पोरगा पहिल्या फेऱ्यातच मरेल, कारण खालून कोण येतंय हे त्याला सावलीच सांगणार आहे.

पुण्यातल्या गेमवाल्यांनो, टेप घेऊन या आणि पायऱ्या मोजून न्या. शत्रू एकच पुरे, तोही तळाशी ठेवा. उतरताना मध्येच बक्षिसाची पेटी उघडलीत, तर मात्र आमची पोरं तिथंच गेम डिलीट करतील.